बादलीतल्या गौरी

आमच्याकडे गौरी खड्यांच्या असतात. मुखवटे नाहीत, साड्या नाहीत, दागिने नाहीत. नदीवरून किंवा ओढ्यावरून सात खडे आणायचे, ताम्हनात ठेवायचे, हळदकुंकू वाहायचं, तीन दिवस त्यांना देवी म्हणायचं आणि तिसऱ्या दिवशी परत पाण्यात सोडायचं. कोकणातून पुण्यात येताना सासरच्या माणसांनी बाकी पुष्कळ रीती वाटेत टाकल्या, ही तेवढी बरोबर आणली. खर्च नव्हता म्हणून आणली असावी, असं माझं मत आहे.

मी सांगते आहे त्या वर्षी सदाशिव पेठेतल्या आमच्या फ्लॅटात गौरींच्या दिवसांत चार बायका होत्या. मी. माझ्या थोरल्या नणंदबाई, म्हणजे वन्सं. त्या दोन बोळ पलीकडे राहायच्या आणि सणावाराला येऊन आमच्या घराचा ताबा घ्यायच्या. तिसरी माझी सून. ती सॉफ्टवेअर कंपनीत होती, आणि मुलगा अमेरिकेत. ऑनसाइट, असं म्हणायचं. तेव्हा आमच्या आळीत दर दोन घरांआड एक मुलगा ऑनसाइट होता आणि त्याची आई आल्यागेल्याला सांगायची की आत्ता तिकडे किती वाजले असतील. मी सांगत नसे. मला तो हिशेब कधी जमला नाही.

चौथी, मागच्या खोलीत भाड्याने राहणारी मुलगी. वर्ध्याकडची होती. हवामानाच्या एका संस्थेत डॉक्टरेटसाठी काम करत होती. मी तिला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, की म्हणजे उद्या पाऊस पडेल का ते तू सांगणार?

"नाही आजी. मी मागचा सांगते. पाच हजार, सात हजार वर्षांपूर्वी किती पडला ते."

"तो पडून गेला की."

"हो, पण किती पडला ते कळलं पाहिजे ना."

म्हटलं, हे काम बरं आहे. पुढचा पाऊस सांगणारे रोज तोंडावर पडतात. हिचं चुकलं तर चुकलं म्हणायला कोणी शिल्लक नाही. ती रागावली नाही. मागचं कळलं की पुढचं थोडं कळतं, असं तिचं म्हणणं होतं. मला माझ्या नवऱ्याचं मागचं सगळं पाठ होतं, पुढचं एक दिवस कळलं नाही. पण ते तिला सांगून काय करायचं, म्हणून मी चहा टाकला.

तिचं काम दगडांवर होतं. मध्य भारतात कुठल्याशा जंगलात गुहा आहेत. गुहेच्या छतातून पाणी ठिबकतं, त्यातला चुना खाली साठतो आणि जमिनीतून वर एक सुळका वाढत जातो. दर पावसाळ्याचा एक थर. कांदा चिरला की दिसतात तशा आत रेघा असतात. त्या रेघा वाचायच्या. जाड रेघ म्हणजे पाऊस बरा, बारीक म्हणजे ओढाताण, आणि रेघच नाही म्हणजे पाणीच ठिबकलं नाही. असा एक सुळका तिला मोडून पडलेला मिळाला होता, सात तुकड्यांत. तिने ते आणले आणि पाठोपाठ वनखात्याने ती गुहा बंद केली. म्हणजे दुसरा दगड मिळायचा नव्हता.

तिचं सगळं त्या सात तुकड्यांवर अडलं होतं. ते परदेशातल्या एका प्रयोगशाळेत जायचे होते. तिथे तिचा नंबर दोन वर्षं वाट पाहून लागला होता. तिचे सर गौरी जातात त्या रात्री विमानाने निघणार होते, दगड त्यांच्या बॅगेतून जाणार होते. गेले तर काम पुढे सरकणार. नाही गेले तर नंबर जाणार, फेलोशिप संपणार आणि वडील येऊन तिला घरी नेणार. घरी एक स्थळ तयार होतं, पेट्रोलपंपवालं. तिला पेट्रोलपंपाबद्दल काही तक्रार नव्हती. त्याच्याशी लग्न करायचं नव्हतं, एवढंच.

जाण्याआधी दगड उभे चिरायचे होते. संस्थेतलं कापायचं यंत्र बिघडलेलं होतं, म्हणून तिने कात्रजला स्वयंपाकाच्या ओट्याच्या फरश्या कापणारा एक माणूस गाठला होता. त्याचं दुकान गणपतीत बंद. गौरींच्या तिसऱ्या दिवशी उघडतो म्हणाला होता. तोवर दगडांवरची गुहेतली चिकणमाती सुटावी म्हणून तिने ते मागच्या मोरीत निळ्या बादलीत भिजत घातले. मला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, असं नंतर वन्सं म्हणाल्या. पण बादलीत दगड भिजत घातलेत, हे कोण कोणाला सांगतं? साबुदाणा भिजवला तर सांगतात.

गौरी आणायच्या दिवशी सून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली. संध्याकाळी तिला अमेरिकेतल्या साहेबांशी फोनवर बोलायचं होतं, त्यामुळे तिचं अर्धं लक्ष घड्याळात. मागच्या वर्षी मुलगा स्कूटरवरून खडकवासल्याला जाऊन धरणाच्या खालून खडे घेऊन आला होता. या वर्षी मुलगा नव्हता आणि स्कूटरवर चादर टाकलेली. गावातल्या नदीचे खडे आणले असते तर आधी त्यांनाच न्हाऊ घालावं लागलं असतं.

मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होते. बाहेरचं बोलणं तुकड्यातुकड्याने ऐकू येत होतं, मधलं मला नंतर कळलं.

"आत्या, खडे मागे बादलीत आहेत की. आईंनी आणून ठेवलेत वाटतं."

"किती आहेत?"

"सात."

"मग बघत काय बसलीस?"

"पण पाण्यातून आणायचे असतात ना? बादलीतलं पाणी चालेल?"

"पाणी ते पाणी," वन्सं म्हणाल्या. "गंगाच समजायची."

मला वाटलं, सुनेने येताना कुठून आणले असतील. सुनेला वाटलं, मी आणले. वन्संना वाटलं, आम्ही दोघी सुधारलो. कोणी कोणाला विचारलं नाही, आमच्या घरात विचारत नाहीत.

गौरी सवाष्णीने आणायच्या. मी विधवा, वन्संही विधवा. आमच्या हातचे घारगे देवीला चालतात, तिला आणायला हात चालत नाहीत. त्यामुळे आणण्याचं सगळं सुनेवर. तिने बादलीतून खडे ताम्हनात घेतले, वर खण पांघरला. आमच्यात गौरी आणणारीने तोंडात पाण्याची चूळ धरायची असते, म्हणजे वाटेत बोलणं होत नाही. सुनेने चूळ धरली. पण देवी मोरीतून थेट माजघरात आली, हे वन्संना बरं दिसेना. त्यांनी सुनेला मागच्या जिन्याने खाली पाठवलं आणि इमारतीला वळसा घालून पुढच्या जिन्याने वर यायला सांगितलं. मी हळदकुंकवाची पावलं काढायला दारात आले.

पुढच्या जिन्यात भाडेकरू मुलगी खाली उतरत होती. तिला त्या रात्री संस्थेतल्या दुसऱ्या एका यंत्रावर पाळी होती. जिन्यात दोघी समोरासमोर आल्या.

"वहिनी, काय आणलं?"

सून गप्प. गाल फुगलेले.

"वहिनी? काहून रागावल्या? मी मोरी नीट धुतली होती बरं का. बादली फक्त परवापर्यंत राहू द्या, त्यातलं काही हलवू नका."

सुनेने मान हलवली. आता बोलायला हवं, असं तिला कुठेतरी वाटलं असणार, कारण ती एक पायरी थांबली. पण वरून वन्सं बघत होत्या. मुलगी बिचारी "बरं, थँक्यू" म्हणून स्कूटी काढून निघून गेली. तिचे सातही दगड तिच्या नाकासमोरून एका वितीवरून वर गेले.

खडे पाटावर मांडले तेव्हा मी पहिल्यांदा पाहिले. पुण्यातला दगड काळा. हे पिवळट पांढरे, गुळगुळीत, तुटल्या बाजूला बर्फीसारख्या रेघा. मी म्हटलं, या वर्षी बऱ्या उजळ आल्या. वन्सं म्हणाल्या, देवी आहे, नावं ठेवू नकोस. मी नावं ठेवत नव्हते.

दुसऱ्या दिवशी पूजा, घावन-घाटल्याचा नैवेद्य. मुलगी सकाळी जागरणाने डोळे लाल करून आली. मी म्हटलं, आंघोळ करून ये, जेवायलाच बस. वर्ध्याकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात, उभ्या असतात, मुखवटे, साड्या, दागिने, सगळा थाट. तिने नमस्कार केला आणि इकडेतिकडे पाहिलं.

"आजी, महालक्ष्म्या कुठे आहेत?"

"या काय. तुझ्यासमोर."

तिने पाटावर पाहिलं. हळद, कुंकू, कापसाची वस्त्रं, वर झेंडूची फुलं. मग ती गुडघ्यांवर बसली आणि तिने मान वाकडी करून एका खड्याच्या कडेला पाहिलं. तिथे कुंकवाखाली काळ्या शाईने इंग्रजी आकडा होता.

"हे माझे आहेत," ती म्हणाली.

"सगळ्यांच्याच आहेत, बाळ," वन्सं म्हणाल्या. "बस तू."

तिने हात पुढे केला. वन्संनी पळीने तिचा हात अडवला. मारला नाही, अडवला. मग जे काय बोलणं झालं त्यात एक गोष्ट वन्संना कळली, की हे दगड तिच्या अभ्यासाचे आहेत. आणि एक गोष्ट मुलीला कळली, की आता ते दगड नाहीत.

"हळदकुंकू लागलं, आवाहन झालं. आता तीन दिवस ही माहेरवाशीण. उद्या जाईल, मग काय ते."

"जाईल म्हणजे कुठे?"

"पाण्यात."

मुलगी चप्पल न घालता खाली एसटीडी बूथवर गेली. आमच्या फोनवर सून इंटरनेट लावून बसली होती.

सर दुपारी आले. पन्नाशीचे, हाफ शर्ट, पायात मोजे. दारात मोजेही काढून आले, तेव्हाच मी ओळखलं की यांच्याही घरी खड्यांच्याच गौरी असणार. होत्याच. त्यामुळे त्यांना वन्संशी वाद घालता येईना. त्यांनी आधी नमस्कार केला, मग पाटासमोर ओणवे होऊन पुष्कळ वेळ पाहिलं.

"यांना स्नान काय घातलंत?"

"पंचामृताचं," वन्सं म्हणाल्या. "तुमच्याकडे कशाचं घालतात?"

"म्हणजे दही होतं."

"पंचामृतात दही असायचंच."

"आंबट होतं का?"

वन्संनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की मी घाटल्याची वाटी खाली ठेवली. "आमच्या घरात दही आंबट होऊ देत नाहीत."

"तसं नव्हे हो. हा चुना आहे. आंबट लागलं की विरघळतो. वरचा पापुद्रा गेला तरी काही वर्षं गेली. लिंबूबिंबू तर पिळलं नाहीत ना?"

"देवीवर लिंबू कोण पिळतं? ती काय पोह्यांची बशी आहे?"

सरांनी मग समजावून सांगितलं. चांगलं सांगितलं, मलाही कळलं. उद्या संध्याकाळी निघायचं आहे, त्याआधी कात्रजला जाऊन दगड चिरून आणायचे आहेत. इथे त्यांची चूक झाली. चिरायचे, हा शब्द त्यांनी उच्चारायला नको होता.

"चिरणार? माहेरवाशिणीला करवतीने?"

"विसर्जनानंतर हो."

"विसर्जनानंतर ती नदीत असेल. नदीतून काय चिरून न्यायचं ते न्या."

सरांनी विचार केला. हा माणूस खरोखर शास्त्रज्ञ होता, कारण तो म्हणाला, "ठीक आहे. तुम्ही वरून सोडा, मी खाली पाण्यात चाळण धरून उभा राहतो."

मुलगी रडत नव्हती. ती घावन हातात धरून बसली होती आणि पाटाकडे बघत होती, तव्यावर काही करपत असताना उठता येत नसेल तर माणूस बघतं तसं. मला त्या सगळ्यांचा कंटाळा आला. भांडी पडली होती.

मी म्हटलं, "वन्सं, गौरी जिथून आणली तिथे पोचवायची असते ना?"

"असते."

"मग बादलीतून आणली, बादलीत पोचवा."

वन्संना नाही म्हणता येईना. पाणी ते पाणी, हे त्यांचेच शब्द होते आणि ते सुनेने ऐकले होते, मी ऐकले होते, आणि शेजारच्या बाईंनी गॅलरीतून ऐकले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मागच्या मोरीत गौरीविसर्जन झालं. मोरीत दोन माणसं मावतात, आम्ही चौघी आणि सर, म्हणजे सर अर्धे गॅलरीत. मुलीने निळी बादली घासून चकचकीत केली होती आणि तिच्यात प्रयोगशाळेतलं स्वच्छ पाणी आणून ओतलं होतं, कॅनभर. वन्संनी सुनेला त्या पाण्याला हळदकुंकू वाहायला लावलं, तेव्हा मुलीने डोळे मिटले. आरती झाली, दहीभाताची शिदोरी ठेवली. दही पाहून सर पुन्हा अस्वस्थ झाले. वन्संनी अक्षता टाकल्या, पुन्हा येण्याचं निमंत्रण दिलं आणि सुनेने एकेक खडा पाण्यात सोडला. गौराई बादलीच्या तळाशी बसली.

"काढू का?" सरांनी बाह्या वर केल्या.

"जरा बुडू द्या," वन्सं म्हणाल्या. "आत्ताच गेली आहे."

थोडा वेळ आम्ही सगळे बादलीकडे बघत उभे राहिलो. मग सरांनी देवी बाहेर काढली आणि टॉवेलने पुसली.

आता आमच्यात आणखी एक रीत आहे. गौरी पोचवून रिकाम्या हाताने परत यायचं नाही. तिथली मूठभर वाळू किंवा एखादा खडा घरी आणायचा. बादलीत वाळू नव्हती. वन्संनी हात पुढे केला.

"एक मला."

"नाही देता येणार हो," मुलगी म्हणाली. "सातही लागतात. मधला एक गेला तर तेवढी शतकं गेली."

"शतकं?"

"एकेका तुकड्यात आठशे, हजार वर्षं असतील."

"मग एक द्यायला काय हरकत आहे? एवढी पडली आहेत तुमच्याकडे."

मुलीने दगड पिशवीत भरले. "सॉरी, आजी." वन्संनी हात मागे घेतला आणि "काही हरकत नाही" असं म्हणून त्या जपमाळ घेऊन खुर्चीत बसल्या. त्यांचं ते काही हरकत नाही ज्यांनी आयुष्यभर ऐकलं आहे, त्यांना माहीत आहे की तेव्हा घराबाहेर पडावं. मी जिना झाडायला गेले.

सर आणि मुलगी भाड्याची गाडी करून कात्रजला गेले. आणि दुपारी परत आले. दगड अख्खेच.

झालं होतं असं, की कुंकू चुन्यात मुरलं होतं. घासून घासून निघालं नव्हतं. त्या फरशीवाल्याने पिशवी उघडली, हात जोडले आणि करवतीचा खटका बंद केला. आम्ही पूजेतून आणलेत पण विसर्जन झालंय, असं सरांनी सांगितलं. कुठे झालं, असं त्याने विचारलं. सर खोटं बोलणारे नव्हते. बादलीत, म्हणाले. त्याला वाटलं, शहरातली माणसं थट्टा करतायत.

"तो म्हणतो, ज्यांनी पूजा केली त्या आजी येऊन सांगतील तर कापतो," मुलगी म्हणाली. ती जिन्यातच उभी होती. "आजी, चला ना. संध्याकाळी सर जाणार. आज नाही झालं तर मी पण जाते घरी, कायमची."

वन्संनी माळ संपवली. मग उठून नऊवारीचा पदर खोचला. परक्या पुरुषाच्या गाडीत एकटी जाणार नाही म्हणाल्या, म्हणून मीही निघाले. स्वारगेटपासून पुढे प्रत्येक मंडळाचा वेगळा कर्णा. सर पुढे बसून सारखे घड्याळ बघत होते. वन्सं खिडकीतून बाहेर बघत होत्या आणि काही बोलत नव्हत्या. गाडीत न बोलणारी माणसं किती जागा खातात ते मी तेव्हा पाहिलं.

फरशीवाल्याच्या शेडमध्ये काळे, हिरवे, लाल ओटे उभे लावून ठेवले होते. माणूस कात्रजच्या आतल्या बाजूच्या गावचा, डोक्याला रुमाल, अंगभर पांढरी भुकटी. त्याने आमच्यासाठी दोन खुर्च्या पुसल्या.

"माय, ह्यो देव हाय का दगुड हाय, तेवढं सांगा. म्या धा पिढ्या दगुड कापतुया, पर देव न्हाय कापला."

"सकाळपर्यंत देवी होती. आता गेली," वन्सं म्हणाल्या.

"कुटं?"

"जिथून आली तिथे."

"म्हंजी बादलीत?"

"बादली कुठली घेऊन बसलात? पाण्यात. मी स्वतः अक्षता टाकल्या."

त्याने विचार केला. "मग माय, पयला खटका तुमी दाबा. म्हंजी काय असंल ते तुमच्यावर, माज्यावर न्हाय."

सरांना हे अगदी पटलं. वन्सं खुर्चीतून उठल्या नाहीत. मुलीकडे पाहून म्हणाल्या, "माझा खडा?"

मुलीने पिशवी एका अर्धवट कापलेल्या ओट्यावर रिकामी केली आणि सात तुकडे क्रमाने मांडले. मी शेजारी उभी होते. ती एकेक उचलून तुटलेली बाजू ओली करायची आणि उजेडात धरायची. ओलं केलं की रेघा स्पष्ट दिसायच्या. सर हळूच म्हणाले, सगळ्यात वरचा दे, तो अलीकडचा, अलीकडचं झाडांच्या खोडांवरूनही काढता येईल. ती म्हणाली, त्यालाच सगळ्यात जास्त दही लागलंय, तो देवघरात राहिला तर दरवर्षी पुन्हा लागेल, निदान त्याचं आतलं तरी वाचू द्या. मग तिने तिसरा उचलला. त्यात मधे एक मातकट पट्टा होता. इथे वाढ थांबलीय, म्हणाली, इथे कित्येक वर्षं पाणीच नाही. तो तिने लगेच मागे ठेवला. तो तिला मरेपर्यंत द्यायचा नव्हता, हे मलाही दिसत होतं.

पाचवा तिने फार वेळ धरून ठेवला. त्याच्या रेघा जाड, पांढऱ्या, एकसारख्या. वहीच्या पानावर असतात तशा.

"सर, हा बघा. किती सुंदर आहे. सलग चांगला पाऊस."

"मग हाच दे," सर म्हणाले. "पाऊस चांगला पडला, यात आपण लिहिणार काय? आपल्याला दुष्काळ हवा."

तिने तो वन्संच्या हातात ठेवला. ठेवताना दोन्ही हातांनी ठेवला. वन्संनी तो पदराने पुसला, डोळ्यांना लावला आणि उजव्या मुठीत घेतला. मग उठून, डाव्या हाताने कशाला म्हणून मूठ बदलून, उजव्या हाताच्या अंगठ्याने हिरवा खटका दाबला. पाणी उडालं, करवत सुरू झाली. एवढा आवाज झाला की वन्संनी काहीतरी म्हटलं ते कोणाला ऐकू आलं नाही. मी नंतर विचारलं, मंत्र म्हटलात का? त्या म्हणाल्या, नाही, म्हटलं जपून काप.

सहा तुकडे बारा झाले. सर ते घेऊन तसेच ओल्या कपड्यांनी मुंबईच्या वाटेला लागले.

पुढे त्या प्रयोगशाळेतून विचारणा आली, की नमुन्यावर बाहेरून पिवळा आणि लाल रंग आहे, हे काय आहे? सरांनी कळवलं, की नमुना स्थानिक पद्धतीने धुतला आहे. त्यांनी आणखी विचारलं नाही. आत काही बिघडलं नव्हतं. मुलीला डॉक्टरेट मिळाली. पेट्रोलपंपाने दुसरी मुलगी केली.

तिने आपला जाडजूड प्रबंध आम्हाला आणून दाखवला होता. मला त्यातलं वाचता येण्यासारखं काही नव्हतं, पण एक मोठी आकृती होती, पावसाची. एक रेघ वर जाते, खाली येते, खाली येते, फार खाली येते. आणि एका जागी रेघच नाही, नुसते तुटक ठिपके.

"इथे काय झालं?" वन्संनी विचारलं.

"तो तुमच्याकडे आहे, आजी."

वन्संनी चष्मा लावून ते ठिपके पाहिले. "म्हणजे इथे पाऊस बरा होता."

"बहुतेक."

"बहुतेक काय? बरा होता," वन्सं म्हणाल्या. त्यानंतर वर्तमानपत्रात जुन्या काळच्या मोठ्या दुष्काळाबद्दल कधी काही आलं, की त्या मला वाचून दाखवायला लावायच्या आणि म्हणायच्या, यांना पूर्ण माहिती नाही.

वन्सं गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. त्यांचे देव माझ्याकडे आले, त्यात तो खडाही आला. सून मुलाकडे गेली, मग दोघं परत आले, आता हिंजवडीकडे राहतात आणि गौरींना येतात. सहा खडे सून कुंडीतून उचलते, सातवा हा. दह्याने त्याची एक बाजू जरा खडबडीत झाली आहे. मी आता दुधावर भागवते.

मागच्या गौरीत त्या मुलीचा फोन आला. मुलगी कसली, तीच आता कुठेतरी सर आहे. म्हणाली, आजी, आता नवी यंत्रं आली आहेत, दगड कापावा लागत नाही, बारीक भोक पाडून चिमूटभर भुकटी पुरते. पाच नंबर आहे का अजून?

"आहे," मी म्हटलं. "पाटावर बसला आहे."

"मी येऊ? ते ठिपके भरून टाकावेत म्हणते."

"ये. पण परवा ये, पोचवल्यावर. आणि येताना बादली आण. ती निळी कधीच फुटली."